पेशीला मरणाचा निरोप कोण देतं? मल्लेश्वरम, कमला सोहोनी आणि स्वादुपिंडातली बेटं

  कोणी बेळगावातून ऐकत असेल, कोणी इंदूरहून, कोणी बडोद्याहून. आजची गोष्ट या सगळ्या गावांना थोडी थोडी शिवून जाणार आहे.

सुरुवात एका प्रश्नाने करतो. आमच्या इमारतीत मूळ बेळगावचं एक कुटुंब राहतं. त्यांची मुलगी अकरावीत आहे आणि तिला लहानपणापासून टाइप १ मधुमेह आहे. दिवसाला चार इंजेक्शनं, बोटाला सुई, दप्तरात साखरेच्या गोळ्या. एकदा जिन्यात भेटली तेव्हा तिने विचारलं, "काका, मूत्रपिंड बदलता येतं, मग माझ्या फक्त इन्सुलिनवाल्या पेशी बदलून मिळत नाहीत का?"

उत्तर असं आहे की मिळतात. जगात अशी रोपणं झाली आहेत. पण रोपलेल्या पेशींतल्या निम्म्याहून जास्त पहिल्या काही दिवसांतच मरतात, असा अनेक अभ्यासांचा अंदाज आहे. त्या का मरतात आणि त्यांना मरायला कोण सांगतं, हा आजचा विषय आहे. त्याचा एक धागा माझ्या घरापासून चालत जाता येईल अशा एका संस्थेतून निघतो.

मल्लेश्वरम आणि टाटांची संस्था

मल्लेश्वरम हे नाव काडु मल्लेश्वराच्या देवळावरून आलं. 'काडु' म्हणजे कन्नडमध्ये रान. या देवळाचं नातं थेट मराठ्यांशी आहे. शहाजीराजांकडे बंगळूरची जहागीर होती. त्यांचे पुत्र, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी, यांनी मल्लपुराच्या या देवाला एक गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे. आजची पेठ आणि आडवे-उभे रस्ते मात्र नंतरचे आहेत. १८९८ च्या प्लेगनंतर दाटीवाटीच्या जुन्या शहराबाहेर हवेशीर वस्ती हवी म्हणून मल्लेश्वरम आखलं गेलं.

या वस्तीला लागूनच १९०९ मध्ये भारतीय विज्ञान संस्था उभी राहिली. इथले जुने लोक तिला अजून 'टाटा इन्स्टिट्यूट' म्हणतात. जमशेटजी टाटांची कल्पना आणि पैसा, म्हैसूर संस्थानची जमीन. तिथून शिकून बाहेर पडलेल्या सुरुवातीच्या रसायनशास्त्रज्ञांत दोन मराठी भाऊ होते, नारायणराव आणि माधवराव भागवत. नारायणरावांची मुलगी कमला. जन्म इंदूरचा, शिक्षण मुंबईचं. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त ती पहिली आली आणि तिने वडील आणि काका जिथे शिकले त्या संस्थेत अर्ज केला.

अर्ज नामंजूर झाला. कारण एकच, ती मुलगी होती. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळवलेले, नुकतेच त्या खुर्चीवर बसलेले. पुढे याच मल्लेश्वरममध्ये त्यांचं 'पंचवटी' हे घर झालं. ते घर आजही दाखवतात. कमला थेट बंगळूरला आली आणि आपल्याला का नाकारलं याचं उत्तर मागत संचालकांच्या कार्यालयापुढे अडून राहिली. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. संचालकांना काम पसंत पडलं तरच पुढे. आणि तिच्या असण्याने पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये!

तिने अटी पाळल्या आणि अपमान लक्षात ठेवला. श्रीनिवासय्या या शिस्तीच्या गुरूंच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षाअखेर रामन यांचं मत बदललं आणि संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठी उघडलं. रामन यांची महती मोठीच आहे, पण या एका बाबतीत ते चुकले होते. ती चूक एका मराठी मुलीने आपल्या कामाने दुरुस्त करून दाखवली.

केंब्रिज, आणि एक लालसर प्रथिन

१९३६ मध्ये एम.एस्सी. करून कमला भागवत केंब्रिजला गेली. त्या काळी जीवरसायनशास्त्राची ती पंढरीच होती. डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये तिथेच 'सायटोक्रोम' नावाची लालसर रंगाची प्रथिनं पुन्हा शोधून काढली होती. आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन पेशीत शेवटी कुठे वापरला जातो, याचं उत्तर त्या प्रथिनांत होतं. पेशीच्या आत मायटोकॉन्ड्रिया नावाची बारकी वीजघरं असतात. तिथे अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन हातोहात पुढे सरकवले जातात, विहिरीवरच्या रांगेत माणसं घागरी पुढे देतात तसे. या रांगेत शेवटून दुसऱ्या जागी उभं असलेलं छोटंसं प्रथिन म्हणजे सायटोक्रोम सी. ते आपली घागर सायटोक्रोम ऑक्सिडेज या एन्झाइमकडे देतं आणि ते एन्झाइम ती ऑक्सिजनवर रिकामी करतं.

प्राण्यांमध्ये हे दिसलं होतं. वनस्पतींचं काय? रॉबिन हिल यांच्याबरोबर कमलाबाईंनी ही व्यवस्था वनस्पतींच्या पेशींतही असल्याचं दाखवलं. १९३९ मध्ये 'नेचर'मध्ये दोघांचं टिपण आलं. त्याच वर्षी त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता. केंब्रिजमधून विज्ञानात ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. बटाट्यापासून माणसापर्यंत श्वासाची यंत्रणा एकच आहे, या मोठ्या चित्रातला हा एक महत्त्वाचा तुकडा होता.

तेव्हा सगळ्यांची समजूत अशी होती की सायटोक्रोम सी हे जगण्याचं प्रथिन आहे. ते मरणाचाही निरोप्या आहे, हे कळायला आणखी जवळजवळ साठ वर्षं जावी लागली.

बेटं कुठून आली?

आता थोडा वेळ स्वादुपिंडाकडे वळू. १८६९ मध्ये बर्लिनमधल्या पॉल लँगरहान्स या तरुण विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात लिहिलं की स्वादुपिंडात इकडेतिकडे पेशींचे वेगळे दिसणारे पुंजके आहेत. ते काय करतात हे त्याला माहीत नव्हतं आणि त्याने तसं सांगूनही टाकलं. १८८९ मध्ये फॉन मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं, तर त्याला मधुमेह झाला. १८९३ मध्ये फ्रान्सच्या लागेस यांनी त्या पुंजक्यांना 'लँगरहान्सची बेटं' हे नाव दिलं. नाव चपखल आहे. पचनाची एन्झाइमं बनवणाऱ्या पेशींच्या समुद्रात विखुरलेली ही बेटं. प्रौढ माणसात ती साधारण दहा लाख असतात, पण सगळी मिळून स्वादुपिंडाच्या वजनाच्या एक-दोन टक्केच भरतात. आणि एवढ्या चिमुकल्या गोष्टीवर आपल्या रक्तातली साखर अवलंबून असते.

त्याच १८९३ च्या डिसेंबरात इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये एका डॉक्टरांनी पंधरा वर्षांच्या मरणासन्न मुलाच्या त्वचेखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे रोवून पाहिले. मुलगा तीन दिवसांत गेला. इन्सुलिन सापडायला अजून २८ वर्षं होती. १९२१ मध्ये टोरांटोत बॅन्टिंग आणि बेस्ट यांनी ते मिळवलं आणि लाखो मुलं वाचली. रोपणाची कल्पना मग मागे पडली.

ती परत आली १९६७ मध्ये. अमेरिकेत सेंट लुईसला पॉल लेसी आणि कोस्टियानोव्स्की यांनी उंदराच्या स्वादुपिंडात कोलॅजिनेज हे जिवाणूंपासून मिळणारं एन्झाइम घातलं. ते ऊतींना बांधून ठेवणारे धागे विरघळवतं. धागे सुटले आणि बेटं अख्खी बाहेर आली. १९७२ मध्ये बॅलिंजर आणि लेसी यांनी अशी बेटं मधुमेही उंदरांत रोवून साखर खाली आणली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने दाखवलं की यकृताकडे जाणाऱ्या शिरेत बेटं सोडली तर ती यकृतात अडकून तिथेच नांदतात. माणसात आजही बहुधा हीच वाट वापरतात. १९८८ मध्ये कॅमिलो रिकॉर्डी यांनी माणसाच्या स्वादुपिंडातून बेटं सोडवण्याचं स्वयंचलित भांडं बनवलं.

इथपर्यंत सगळं सुरळीत वाटतं. पण माणसात यश येईना. १९९० नंतरच्या दशकात जगभर २६७ रोपणं झाली. त्यांतल्या फक्त ८ टक्क्यांच्या आसपास लोकांचं इन्सुलिन वर्षभराहून जास्त काळ सुटलं.

दोष फक्त पहारेकऱ्यांचा नव्हता

सगळे म्हणत होते, शरीर परक्याला नाकारतं, दुसरं काय! ते खरंच होतं, पण पूर्ण खरं नव्हतं. १९७७ पासून मिनेसोटा विद्यापीठात एक वेगळी शस्त्रक्रिया होत होती. ज्यांना स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेने असह्य वेदना होतात त्यांचं स्वादुपिंड काढायचं आणि त्यातली बेटं त्याच माणसाच्या यकृतात परत सोडायची. पेशी स्वतःच्याच. नाकारण्याचा प्रश्नच नाही. तरीही यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांनाच इन्सुलिनपासून पूर्ण सुटका मिळाली. मूळ आजाराने काही बेटं आधीच गेलेली असतात हे मान्य, पण तेवढ्याने हिशेब जुळत नाही. म्हणजे परकेपणाशिवायही बेटं मरत होती.

आता बेटाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. शरीरात असताना त्याला भरपूर रक्त मिळतं. वजनाच्या मानाने कितीतरी पट जास्त. भोवती प्रथिनांचं जाळं असतं, ज्याला ते धरून असतं. मग दाता मरण पावतो, स्वादुपिंड बर्फात जातं, रक्त थांबतं, कोलॅजिनेज भोवतालचं जाळं विरघळवतं आणि बेट एकटं पडतं. यकृतात पोचल्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटायला दिवस नि आठवडे लागतात. तोवर आतल्या पेशी गुदमरतात. शिवाय स्वीडनच्या उप्साला इथल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की रक्तात शिरताक्षणी बेटांभोवती गुठळ्या धरू लागतात.

पेशी हे सगळं 'ऐकते' कशी? तिच्या आत निरोप देणारी एन्झाइमं असतात. मराठीत आपण एन्झाइमला विकर म्हणतो. यांतला मोठा वर्ग म्हणजे काइनेज. काइनेज दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेटचा एक गट चिकटवतं आणि ते प्रथिन चालू किंवा बंद होतं. फॉस्फेटेज तो गट काढून घेतं. दिव्याच्या बटणासारखंच. १९५५ च्या सुमारास एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर यांनी ही युक्ती स्नायूंमधल्या साखरेच्या वापराचा अभ्यास करताना शोधली. १९९२ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

बेटाच्या बाबतीत अशी तीन बटणं महत्त्वाची ठरली.

पहिलं, एकेटी. हे जगवणारं काइनेज. इन्सुलिन आणि वाढीचे इतर निरोप, तसंच भोवतालच्या जाळ्याला धरून असल्याची जाणीव, हे सगळं एकेटीला चालू ठेवतं. जाळं तुटलं की हा आधार जातो. २००१ मध्ये सेंट लुईस आणि फिलाडेल्फिया इथल्या दोन गटांनी उंदरांच्या बीटा पेशींत एकेटी जास्त चालू ठेवलं, तर बेटं मोठी झाली आणि विषारी औषधाच्या माऱ्यातही तगली.

दुसरं, जेएनके. हे संकटाची घंटा वाजवणारं काइनेज. बेटं सोडवताना ते जोरात चालू होतं. थोडा वेळ वाजलं तर पेशी सावध होते, वाजतच राहिलं तर ती मरणाची वाट धरते. स्वित्झर्लंड आणि जपानमधल्या गटांनी जेएनके अडवणारे छोटे प्रथिनखंड बेटांना दिले आणि प्रयोगांत जास्त बेटं वाचली.

तिसरं म्हणजे कॅस्पेज. ही कात्र्या चालवणारी एन्झाइमं. ती एकदा सुटली की पेशी आतून नीटनेटकी कापली जाते. मारामारी नाही, आवाज नाही. शिस्तीत आत्मनाश.

या कात्र्यांना सोडतं कोण? १९९६ मध्ये अमेरिकेत शियाओदोंग वांग यांच्या गटाने पेशीचा अर्क परीक्षानळीत घेऊन नेमका तो निरोप्या वेगळा काढला. द्रव लालसर होता. पाहिलं तर ते सायटोक्रोम सी! केंब्रिजमध्ये केलिन, हिल आणि कमलाबाईंनी ज्या रांगेचा अभ्यास केला, तिच्यातलाच तो घागरवाला. वीजघराच्या भिंतीच्या आत असेपर्यंत तो श्वास चालवतो. भिंतीला भोक पडून तो बाहेर आला की पेशी समजते, आता संपलं. तो एका प्रथिनाला जाऊन मिळतो, त्यातून कॅस्पेज-९ जागं होतं, ते कॅस्पेज-३ ला जागं करतं.

सुरुवातीला या शोधावर पुष्कळांचा विश्वास बसला नाही. श्वासाचं प्रथिन मरणाचं काम कसं करेल? पण पुरावे साचत गेले. मग बेटांचं गणित जुळलं. आधार तुटला, एकेटी मंदावलं, जेएनकेची घंटा वाजली, मायटोकॉन्ड्रियाची भिंत फुटली, सायटोक्रोम सी बाहेर आलं, कात्र्या सुटल्या. त्यातून बीटा पेशी मुळातच नाजूक. अपायकारक ऑक्सिजन-रेणूंना निवणारी कॅटेलेजसारखी एन्झाइमं तिच्यात फार कमी असतात.

मातीतून आलेली औषधं

२००० साली कॅनडातल्या एडमंटनहून बातमी आली. जेम्स शॅपिरो आणि सहकाऱ्यांनी सात जणांत बेटं रोपली आणि सातही जणांचं इन्सुलिन सुटलं. त्यांनी दोन गोष्टी बदलल्या होत्या. एकेका रुग्णाला दोन किंवा अधिक दात्यांची बेटं दिली, आणि बीटा पेशींना अपाय करणारी स्टेरॉइडं टाळून सिरोलिमस, टॅक्रोलिमस आणि डॅक्लिझुमॅब वापरली.

यातलं सिरोलिमस, म्हणजेच रॅपामायसिन, ही एका भारतीयाचीही गोष्ट आहे. १९६४ मध्ये कॅनडाची एक मोहीम प्रशांत महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली. त्या बेटाचं स्थानिक नाव रापा नुई. तिथल्या मातीतल्या जिवाणूपासून मॉन्ट्रियलमध्ये सुरेन सेहगल आणि सहकाऱ्यांनी हे द्रव्य वेगळं केलं. सेहगल हे पंजाबातल्या खुशाबचे, आज ते पाकिस्तानात आहे. कंपनीने १९८३ मध्ये काम गुंडाळून प्रयोगशाळा हलवली, तेव्हा सेहगलांनी तो जिवाणू घरच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला. पुढे कामाला पुन्हा परवानगी मिळाली आणि १९९९ मध्ये ते औषध मूत्रपिंड रोपणासाठी मंजूर झालं. ते ज्या काइनेजला अडवतं त्याला शास्त्रज्ञांनी औषधाचंच नाव दिलं, एमटॉर, म्हणजे रॅपामायसिनचं लक्ष्य. टॅक्रोलिमसही असंच जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतून १९८४ मध्ये मिळालं. ते कॅल्सिन्युरिन या फॉस्फेटेजला अडवतं.

आता पेच पाहा. कॅल्सिन्युरिन आणि एमटॉर बंद केले की शरीराच्या पहारेकरी पेशी शांत होतात आणि पाहुणी बेटं वाचतात. पण ही बटणं पहारेकऱ्यांत असतात तशी बेटांतही असतात! २००६ मध्ये स्टॅनफर्डच्या एका गटाने उंदरांच्या बीटा पेशींतलं कॅल्सिन्युरिन काढलं, तर उंदरांना मधुमेह झाला. एमटॉर अडवलं की बीटा पेशींची वाढ खुंटते. शिवाय गोळी पोटातून शोषली जाऊन आधी यकृतात जाते आणि बेटं तर तिथेच बसलेली. म्हणजे औषधाचा सगळ्यात तीव्र लोट त्यांच्याच अंगावर. पाहुण्याला वाचवायला लावलेलं कुलूप पाहुण्याचाच श्वास कोंडत होतं.

आकडे तेच सांगतात. अनेक देशांत मिळून झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. ३६ जणांपैकी १६ जण वर्षभरानंतर इन्सुलिनविना होते. एडमंटनचाच पाच वर्षांचा आढावा सांगत होता की इन्सुलिनपासून पूर्ण मोकळे राहिलेले सुमारे १० टक्केच. पण त्यात एक दिलासाही होता. सुमारे ८० टक्के लोकांत बेटं थोडीफार काम करत होती आणि साखर अचानक उतरून बेशुद्ध होण्याचा धोका खूप कमी झाला होता. ज्याला झोपेत साखर उतरल्याची जाणीवच होत नाही, त्याच्यासाठी हा फरक जन्म-मरणाचा असतो.

म्हणून पुढची वीस वर्षं बटणांच्या मागे गेली. एडमंटनमध्ये कॅस्पेज अडवणारी द्रव्यं उंदरांत वापरली, तर कमी बेटांत काम भागू लागलं. मिनेसोटात सूज वाढवणारा टीएनएफ हा निरोप सुरुवातीलाच अडवून २००५ मध्ये आठ जणांना एकेकाच दात्याची बेटं दिली आणि आठही जणांचं इन्सुलिन सुटलं. त्यांतल्या पाच जणांचं ते वर्षाहून जास्त काळ सुटलेलं राहिलं. जून २०२३ मध्ये अमेरिकेने दात्याच्या बेटांपासून बनवलेल्या उपचाराला पहिल्यांदा मंजुरी दिली. २०२५ मध्ये मूळ पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या बेटांच्या चाचणीचे निष्कर्ष आले. पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षानंतर इन्सुलिनविना होते. पण त्यांनाही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावीच लागतात.

पुणे, बंगळूर आणि वालाचे दाणे

आपल्याकडे या वाटेवर कोण होतं? पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांच्या गटाने बेटं वेगळी करणं, वाढवणं आणि नव्याने घडवणं यांवर वर्षानुवर्षं काम केलं. तिथे घडलेले आनंदवर्धन हार्डीकर पुढे ऑस्ट्रेलियात याच विषयातले नावाजलेले संशोधक झाले. भोंडे सर नंतर बंगळूरला मणिपालच्या संस्थेत आले. हैदराबादच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टेरॉलॉजीतही स्वादुपिंडाच्या सुजेच्या रुग्णांच्या बेटांवर काम झालं आहे. आणि बंगळूरचीच बायोकॉन ही कंपनी १९७८ मध्ये पपईपासून पपेन हे एन्झाइम काढत सुरू झाली. आज ती इन्सुलिनही बनवते आणि टॅक्रोलिमसही.

कमलाबाई १९३९ मध्येच भारतात परतल्या. दिल्लीचं लेडी हार्डिंग कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न होऊन त्या मुंबईला आल्या आणि रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या. तिथे त्यांनी विद्यार्थ्यांबरोबर नीरेवर आणि कडधान्यांवर काम केलं. १९५५ मध्ये वाल आणि डबल बीन यांतून ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिनं स्फटिकरूपात मिळवल्याचं त्यांचं टिपण 'नेचर'मध्ये आलं. ट्रिप्सिन म्हणजे स्वादुपिंडाचंच पाचक एन्झाइम. म्हणून तर कच्चे वाल पचत नाहीत. आपल्या आया-आज्या ते भिजवून, मोड आणून, सोलून मगच बिरडं शिजवतात. शिजवल्यावर ते प्रथिन निकामी होतं.

हिवाळ्यात मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसच्या बाजारात या वालांचे, म्हणजे इथल्या अवरेकाईंचे, ढीग लागतात. मी ते पाहतो तेव्हा एक गोष्ट हमखास आठवते. बेटं सोडवताना स्वादुपिंडातून सांडणारं ट्रिप्सिनसुद्धा त्यांना इजा करतं. म्हणून प्रयोगशाळेत त्या वेळी ट्रिप्सिनला अडवणारी द्रव्यं घालतात, कधी सोयाबीनमधून काढलेलीसुद्धा. कमलाबाईंच्या वालांतून थेट ही पद्धत आली असं मी म्हणत नाही. पण कडधान्यातला असाच रेणू एके दिवशी रोपणाच्या खोलीत उपयोगी पडेल, हे १९५५ मध्ये कोणी सांगू शकलं नसतं. सायटोक्रोमचंही तेच.

पुढे कमलाबाई त्या संस्थेच्या संचालक झाल्या. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत अन्नातल्या भेसळीविरुद्ध काम केलं, सोप्या भाषेत लिहिलं. १९९८ मध्ये त्या गेल्या. विशीत असताना ज्या दारात अडवलं गेलं, त्या दाराबद्दल त्या शेवटपर्यंत स्पष्ट बोलत राहिल्या.

जिन्यातल्या मुलीला काय सांगितलं

शेवटी त्या मुलीकडे येतो. मी तिला तीन गोष्टी सांगितल्या. त्या तुम्हालाही सांगतो, कारण टाइप १ मधुमेह असलेलं कोणीतरी तुमच्या ओळखीत असेलच.

पहिली, रोपण म्हणजे आज तरी इन्सुलिनच्या बदल्यात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणं. ज्यांची साखर वारंवार जीवघेणी उतरते, किंवा ज्यांना मूत्रपिंडासाठी ती औषधं घ्यावीच लागत आहेत, त्यांच्यासाठी हा सौदा परवडतो. तुझ्यासारख्या, इन्सुलिनवर नीट चाललेल्या मुलीसाठी आज नाही.

दुसरी, वर्तमानपत्रातल्या 'स्टेम सेलने मधुमेह बरा' अशा जाहिरातींना भुलू नये. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताच्या काही विकारांपलीकडे मूळ पेशी हा मान्य उपचार नाही, फक्त नोंदवलेल्या चाचणीत त्या देता येतात. आणि चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे मागणं बरोबर नाही. कोणी इन्सुलिन बंद करा म्हणालं, तर तिथून उठून यावं. टाइप १ मध्ये इन्सुलिन बंद करणं जिवावर बेततं.

तिसरी, आता खरा प्रश्न पेशी मिळवण्याचा उरलेला नाही. प्रयोगशाळेत त्या वाढू लागल्या आहेत. खरा प्रश्न आहे रोपल्यावर त्यांना मरणाचा निरोप मिळू नये हा, आणि तोही पहारेकऱ्यांना कायमचं झोपवून न ठेवता. हे कोडं बेटांतल्या बटणांचं आहे, आणि ते तुझ्या पिढीत सुटेल असं मला वाटतं.

तिने जरा विचार करून विचारलं, "मग त्यासाठी शिकायचं काय?"

मी म्हटलं, जीवरसायनशास्त्र. आणि ती संस्था इथून चालत पंधरा मिनिटांवर आहे. आता तिथे मुलींना कोणी अडवत नाही. ते दार कोणी उघडलं, एवढं मात्र लक्षात ठेव.

मंडळी, आज इथेच थांबू. पुढच्या भागात भेटूच.